दहा वर्षांच्या मुदतीचे कलम

25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात लोकसभेने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे उद्दिष्ट स्वीकारले होते. देहूरोडपासून जवळच, पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आकाराला येत होता. देहूरोड ही तर संरक्षण खात्याच्या डेपोंभोवती वाढलेली वस्ती. गावकीच्या वेठीतून सुटून सरकारी पगारावर घर चालवणे म्हणजे काय, हे इथल्या कामगारांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबासाहेबांचा तो दिवस देहूरोडने जिवापाड जपला. पण सरकारी मालकीच्या उद्योगांचा त्यांनी सात वर्षांपूर्वीच मांडलेला आराखडा फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्याची ही कुळकथा.

तिचे मूळ 1918 सालच्या एका निबंधात आहे. हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी हा त्याचा विषय. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्यात किती भांडवल, अवजारे आणि माणसे लागतात यावर ठरते, असे आंबेडकरांनी मांडले. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उतरवायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती ही कोकणातली जमीनदारी पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्याच काळातली.

या सगळ्या अनुभवातून मार्च 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार झाले. त्यातला आर्थिक भाग आजही थक्क करतो. प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे. विमा ही राज्याची मक्तेदारी, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आपल्या मजुरीच्या प्रमाणात विमा सक्तीचा. शेती हा राज्याचा उद्योग. जमीनमालकांना मोबदला रोख्यांत मिळणार. या रोख्यांवर व्याज मिळेल, ते वारसाला देता येतील, पण रोकड कधी आणि कशी मागता येईल हे राज्यच ठरवणार. घेतलेल्या जमिनीचे ठरावीक आकाराचे भाग पाडून ते गावातल्या कुटुंबांच्या गटांना जातिधर्माचा भेद न करता कसायला द्यायचे. पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवायचे. शेतसारा, रोख्यांसाठीचा आकार आणि भांडवली साधनांचा खर्च वळता करून उरलेले पीक कसणाऱ्यांनी वाटून घ्यायचे. गावात जमीनदार उरू नये, कूळ उरू नये, भूमिहीन मजूरही उरू नये. आणि हे सारे राज्यघटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत.

तुकडेजोड किंवा कूळकायदा त्यांना का पुरेसा वाटला नाही, हे नीट पाहायला हवे. ज्याच्याकडे तुकडाच नाही, त्याला तुकडे जोडून काय मिळणार? कुळाला संरक्षण दिले तरी महार-मांग शेतमजूर कुठे कूळ होता? आणखी एक मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सोव्हिएत रशियात नियोजन होते, पण हुकूमशाहीच्या जोरावर. संसदीय लोकशाहीत बहुमत बदलले की योजना मोडते. म्हणून आर्थिक रचना घटनेतच लिहावी, म्हणजे हुकूमशहाही लागणार नाही आणि पुढचे सरकार ती सहज उलटवूही शकणार नाही.

घटनेत ते कलम आले नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत सदस्य के. टी. शहांनी मसुद्यात ‘समाजवादी’ शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी लोकांनी काळानुसार ठरवावी, आणि मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आहेच, असे त्यांचे म्हणणे. 1947 चे आंबेडकर एका संघटनेची मागणी मांडत होते, 1948 चे आंबेडकर साऱ्या सभेचा मसुदा सांभाळत होते. हा फरक लक्षात न घेता त्यांच्यावर विसंगतीचा आरोप करणे अन्यायाचे आहे.

आराखड्याचे तुकडे मात्र पुढे एकेक करून आले. 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी स्थापन झाली, पण सक्तीच्या विम्याची कल्पना मागेच राहिली. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने महाराष्ट्रात साखर कारखान्यांची जमीन सरकारकडे आली आणि 1963 साली शेती महामंडळ स्थापन झाले. जमीन राज्याची झाली, पण मजूर मजूरच राहिला. पीक वाटून घेण्याचा हक्क त्याला मिळाला नाही. पुढे त्यातली बरीच जमीन मूळ खंडकऱ्यांकडे, म्हणजे कारखान्यांना ती खंडाने दिलेल्या मालकांकडे, परत गेली, राबणाऱ्यांकडे नव्हे.

दहा वर्षांची ती मुदत जानेवारी 1960 मध्ये संपली असती. 1959 साली बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, 1964 साली पुन्हा केला, हजारोंनी तुरुंग भरले. राज्याने बाबासाहेबांचे कारखाने घेतले, विमा घेतला. जमिनीचे कलम घेतले नाही, आणि देणे राहिले आहे ते नेमके तेच.