दुसऱ्याच्या मुलाला रागवावें काय?

आगगाडीच्या डब्यांत एखादें पांच-सहा वर्षांचें मूल बुटांसकट बाकावर उभें राहतें, शेंगांचीं टरफलें खालीं टाकतें, आणि शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या कपड्यांना हात पुसतें. आई खिडकीबाहेर पाहत असते. गृहस्थ कांहीं वेळ सोसतात. मग आवाज चढवून मुलाला खालीं बसावयास सांगतात. मूल दचकून रडूं लागतें, आईचा चेहरा उतरतो, आणि डब्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “बरें झालें, आईबाप सांगत नाहींत, तेव्हां कोणीतरी सांगावयास हवेंच.” दुसरा म्हणतो, “ज्याचें मूल त्यानें पाहावें. परक्यानें मध्यें बोलण्याचें कारण नाहीं.” गाडी स्थानकांत शिरली कीं हा तंटा मिटतो, पण त्याचा निकाल लागत नाहीं. तो लागावा कसा? या तंट्याचें वय दोन हजार वर्षांहून अधिक आहे, आणि त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्नही लहान नाहीं. मूल आईबापांचें, कीं सर्व समाजाचें, हा तो प्रश्न होय.

समाजाचें, असें निःशंक उत्तर देणारें राज्य म्हणजे प्राचीन ग्रीस देशांतील स्पार्टा. तेथील रीतिभातींचें वर्णन इ. स. पूर्वीच्या चौथ्या शतकांत झेनोफन यानें करून ठेविलें आहे. मुलांवर देखरेख ठेवण्यासाठीं स्पार्टांत एक वरिष्ठ अधिकारी नेमलेला असे, आणि त्याच्या हाताखालीं चाबूक बाळगणारे तरुण असत. तो अधिकारी जवळ नसला, तर तेथें हजर असलेल्या कोणत्याही नागरिकास मुलांना आज्ञा करण्याचा व चुकल्यास शिक्षा करण्याचा अधिकार होता. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्या गृहस्थानें मारल्याची तक्रार मुलानें घरीं येऊन केली, तर बापानें त्याला आणखी मार द्यावा, न देणें लाजिरवाणें, अशी तेथील समजूत होती. एकमेकांच्या मुलांना कोणीही कांहीं अनुचित करावयास सांगणार नाहीं, हा नागरिकांचा परस्परांवरील विश्वास या व्यवस्थेचा पाया होता. पण हा विश्वास नागरिकांपुरताच होता. ज्यांच्या श्रमांवर स्पार्टा जगत होतें, त्या हेलट नांवाच्या दासवर्गाला त्यांत स्थान नव्हतें.

अथेन्सचा तत्त्वज्ञ प्लेटो हा इ. स. पूर्व 347 मध्यें वारला. ‘लॉज’ हा त्याचा अखेरच्या काळांतील ग्रंथ. त्यांत तो याहूनही पुढें गेला आहे. मूल म्हणजे आवरण्यास अत्यंत कठीण असा प्राणी, असें त्याचें मत होतें. म्हणून मूल चुकतांना दिसल्यास वाटेनें जाणाऱ्या कोणाही स्वतंत्र पुरुषानें त्याला शासन करावें, आणि त्याबरोबर त्याच्या शिक्षकाला व सांभाळणाऱ्यालाही करावें, असें त्यानें लिहिलें. पाहूनही जो शासन करणार नाहीं, तो निंदेस पात्र! येथें परक्याचा अधिकार हा अधिकार न राहतां कर्तव्य झाला आहे.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांचें धोरण निराळें होतें. गौतमधर्मसूत्रांत गुरूनें शिष्याला न मारतांच वळण लावावें असें सांगितलें आहे; तें अशक्यच झालें, तर बारीक दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें मारावें, आणि दुसऱ्या कशानें मारल्यास राजानें त्या गुरूलाच दंड करावा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ज्यांना असें शासन करतां येतें त्यांची यादी आहे. तींत पुत्र, शिष्य व सहोदर बंधु यांच्या पंक्तीला पत्नी आणि दास यांनाही बसविलें आहे. प्रहार पाठीवर करावा, मस्तकावर करूं नये, आणि ही मर्यादा मोडणारा चोराइतका दोषी समजावा, असा नियम पुढें येतो. या नियमांना आज कोणी आदर्श म्हणणार नाहीं. परंतु त्यांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शासनाचा अधिकार तेथें नात्याला बांधलेला आहे, आणि तो गाजविणाराही दंडाच्या कक्षेबाहेर नाहीं. रस्त्यानें जाणारा परका इसम त्या यादींत कोठेंही नाहीं.

महाराष्ट्रांतील जुन्या गांवगाड्यांत तर परका इसम असा विरळाच आढळे. आळींतील वडील माणूस कोणाचा काका, कोणाचा मामा, कोणाचा आजा असे. विहिरीच्या कांठावर धांवणाऱ्या पोराला त्यानें दटावलें, तर आईबापांना त्यांत अपमान वाटत नसे; कारण त्याच पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवणाराही तोच असे, आणि पोर तापानें फणफणलें तर रात्रीं वैद्याकडे धांवणाराही तोच. रागावण्याचा हक्क त्यानें मायेनें मिळविलेला असे. 1853 मध्यें मुंबई ते ठाणें आगगाडी सुरू झाली. पुढील वर्षीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. आणि गांवोगांवचीं माणसें शहरांत लोटूं लागलीं. गांवची आळी चाळींत कांहीं अंशीं टिकली. पण गाडींत, बाजारांत व बागेंत जो भेटे तो खरोखरीच परका होता. त्याच्याजवळ काकाचा आवाज होता. काकाची माया नव्हती.

शिवाय गांवच्या त्या आपलेपणालाही कुंपण होतें, हें विसरून चालणार नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या आठवणींत 1901 मधील एक प्रवास लिहून ठेविला आहे. ते, त्यांचे बंधु आणि दोन भाचे अशीं चार मुलें साताऱ्याहून गोरेगांवास वडिलांकडे निघालीं होतीं. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांना न्यावयास कोणीच आलें नव्हतें. नवे कपडे घातलेलीं तीं मुलें पाहून स्टेशनमास्तरानें आपुलकीनें चौकशी केली; पण तीं महार आहेत असें कळतांच त्याची मुद्रा पालटली व तो मागें सरला. पुढें त्यानेंच गाडीवानाशीं ठरवून दुप्पट भाड्याची तोड काढून दिली, हेंही खरें. परंतु गाडी मुलांनींच हांकावी आणि गाडीवानानें पायीं चालावें, अशी ती तोड होती. रात्रीं टोलनाक्यावर मागितलेलें पाणी मिळालें नाहीं. जवळ खाण्याचे जिन्नस असूनही पाण्यावांचून मुलें उपाशी निजलीं.

या मुलांनीं कांहींच आगळीक केली नव्हती, तेव्हां त्यांना सुधारण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही या प्रश्नाशीं ह्या प्रसंगाचा संबंध फार निकटचा आहे. परका मनुष्य मुलाकडे पाहतो तेव्हां तें काय करीत आहे हें तो नेहमींच आधीं पाहत नाहीं. तें कोणाचें आहे हें आधीं पाहतो. साहेबाचा मुलगा धिंगाणा घालतो तेव्हां तो ‘खोडकर’ ठरतो. फाटका सदरा घातलेल्या मुलानें तेंच केलें कीं त्याला ‘वळण नाहीं’ असें म्हणतात. प्लेटोची आज्ञा अशा समाजाच्या हातीं दिली, तर चाबूक कोणाच्या पाठीवर अधिक वेळां पडेल हें सांगावयास नको. न्याय व माया या दोहोंची हमी जेथें नाहीं, तेथें सर्वांना दिलेला अधिकार बलवंतांचाच अधिकार होतो.

मग परक्यानें मुलांच्या बाबतींत डोळे मिटून घ्यावे काय? इतिहासाचें उत्तर ‘नाहीं’ असेंच आहे. 1874 मध्यें न्यूयॉर्क शहरांत मेरी एलन नांवाच्या सुमारें दहा वर्षांच्या मुलीचा तिच्या पालक स्त्रीकडून अमानुष छळ होत होता. एटा व्हीलर या धर्मादाय काम करणाऱ्या बाईंना त्याचा सुगावा लागला. त्या मुलीशीं त्यांचें कसलेंही नातें नव्हतें. ‘घरांतील गोष्ट’ म्हणून त्या गप्प बसल्या नाहींत. प्राणिसंरक्षणाच्या कार्यामुळें प्रसिद्ध असलेले हेन्री बर्ग यांच्याकडे त्या गेल्या. न्यायालयानें मुलीची सुटका केली आणि पालक स्त्रीला एक वर्षाची कैद सुनावली. दुसऱ्याच वर्षीं त्या शहरांत बालकांच्या छळास प्रतिबंध करणारी संस्था निघाली. ब्रिटनमध्यें 1889 सालीं तशाच हेतूचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यांत 1924 सालीं मुलांविषयींचा स्वतंत्र कायदा आला. परक्याची भूमिका येथें पालटली. स्पार्टांत तो मुलाला मारावयास पुढें होत असे. आतां तो मुलाला मारणाऱ्या हाताला अडवावयास पुढें झाला.

पुढील काळानें हीच दिशा पक्की केली. 1860 च्या भारतीय दंडसंहितेंत लहान मुलाच्या हितासाठीं सद्‌भावनेनें केलेल्या कृत्याला जें संरक्षण होतें, तें पालकाला किंवा पालकाच्या संमतीनें वागणाऱ्यालाच होतें; 2024 च्या जुलैपासून अमलांत आलेल्या न्याय संहितेंतही तीच मर्यादा आहे. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. गुरूच्या हातांतील वेळूची कांबही जेथें काढून घेतली, तेथें वाटसरूच्या हातीं ती कशी राहील? उलट 1996 मध्यें मुंबईंत 1098 ही दूरध्वनीची सोय सुरू झाली. संकटांतील मुलासाठीं कोणत्याही परक्या माणसानें तो क्रमांक फिरवावा, हाच तिचा अर्थ.

परक्यानें मुलांना वळण लावण्याचा अधिकार मिळवावा कसा, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र काढलें. पुढें तें कोसबाडला गेलें. ताराबाई आणि अनुताई वाघ या शहरांतून आलेल्या, आदिवासी पाड्यांना सर्वस्वी परक्या. मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून त्यांनीं आईबापांना दूषणें दिलीं नाहींत. शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी ही कल्पना तेथें रुजली. आधीं त्या मुलांच्या झाल्या. मग मुलांनीं त्यांचें ऐकलें.

डब्यांतील त्या गृहस्थांना हें सारें काय सांगतें? मूल उघड्या दाराशीं गेलें, तर परवानगीची वाट न पाहतां त्याचा हात धरावा. तेथें प्रत्येक वडील माणूस त्याचा पालक आहे. तें दुसऱ्याला उपद्रव देत असेल, तर आईला शांतपणें सांगावें, किंवा मुलालाच “बाळ, जरा खालीं बस, पडशील” असें म्हणून शेजारीं जागा करून द्यावी. पण हात उगारणें, चारचौघांत पाणउतारा करणें, त्याच्या घराचा उद्धार करणें, हा अधिकार त्यांना नाहीं. मूल एकट्या आईबापांचें नाहीं, हें स्पार्टाचें म्हणणें खरें आहे. परंतु समाजाचा त्याच्याशीं पहिला संबंध रक्षणाचा आहे. आणि बाजूला सरकून त्या मुलासाठीं बाकावर वीतभर जागा करणाऱ्या गृहस्थांचा शब्द तें मूल बहुधा ऐकेल; कदाचित् त्याची आईही ऐकेल.