राजाचे उरलेले पाय

१/ कऱ्हाडजवळच्या मलकापुराहून महामार्गाने दक्षिणेकडे गेले की कोल्हापूर लागते. विजयादशमीच्या सायंकाळी तेथील दसरा चौकात शमीपूजनासाठी छत्रपती घराण्याची स्वारी येते, ती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटारीतून. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. मोटारीचा मान मात्र टिकून आहे.

२/ राज्य जाते, वाहन उरते. राजवाहनांच्या जुन्या खेळण्यांचे संग्राहक हेच सत्य तळहाताएवढ्या आकारात जपत असतात. त्यांतील सर्वांत बोलकी कथा लंडनची आहे.

३/ लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी १९४७ मध्ये तेथे ‘लेस्नी’ ही धातूच्या ओतकामाची कंपनी काढली. जॅक ओडेल त्यांना येऊन मिळाले. १७६२ मध्ये घडवलेल्या सोनेरी राजबग्गीची ओतीव प्रतिकृती काढण्याचे त्यांनी ठरवले. आठ घोडे, आत राजा सहावे जॉर्ज आणि राणी.

४/ तेवढ्यात कोरियाचे युद्ध आले आणि खेळण्यांसाठी जस्त वापरण्यावर बंदी आली. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी राजाचे निधन झाले. आता राज्याभिषेक व्हायचा होता कन्येचा, २ जून १९५३ रोजी. नवा साचा करणे खर्चाचे; म्हणून जुन्याच साच्यातून राजाची आकृती कमरेपासून काढून टाकण्यात आली. पाय तेवढे राहिले.

५/ राजा-राणी दोघेही असलेल्या सुमारे २०० बग्ग्या त्याआधीच तयार झाल्या होत्या. संग्राहकांना आज त्या दुर्मीळ वाटतात. बग्गीची धाकटी आवृत्ती दहा लाखांहून अधिक खपली आणि त्या यशाच्या बळावर त्याच वर्षी ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या.

६/ पुढे बग्गीची जागा मोटारीने घेतली. रोल्स-रॉइसच्या खऱ्या ‘फँटम ४’ मोटारी केवळ १८ बनल्या आणि त्या बहुतेक राजघराण्यांत व राष्ट्रप्रमुखांकडे गेल्या. १९६० च्या दशकात मात्र बेलफास्टच्या ‘स्पॉट-ऑन’ने ‘फँटम ५’चे शाही खेळणे काढले आणि आत बसलेल्या राणीसह ती मोटार सामान्य घरातील मुलाच्या हाती आली.

७/ या वस्तूंचा शत्रू त्यांच्या पोटातच असतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली, तर काही वर्षांनी तो फुगतो, तडकतो आणि त्याचा भुगा होतो. एकदा लागलेली ही कीड बरी होत नाही. कोरडी, समशीतोष्ण जागा तिला लांबवते, इतकेच.

८/ म्हणूनच जाणता संग्राहक जुन्या खेळण्याला नवा रंग देत नाही आणि मोडलेला भाग बदलत नाही. त्या बग्गीतील पाय कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेपायी घासून टाकले असते, तर बग्गी अधिक सुबक दिसली असती; पण एका राजाच्या मृत्यूने कारखान्याच्या साच्यावर ठेवलेली खूण कायमची पुसली गेली असती.