दोन कार्डे, एक पेटी: वीज आणि उष्णतेचा इतिहास

१/६
साल १९९८. थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीने 'व्हूडू टू' हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणले. अशी दोन कार्डे एका संगणकात जोडता येत. एक पडद्यावरील सम ओळी रेखाटे, दुसरे विषम. या रचनेचे नाव एसएलआय. लागणारी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळे आणि कार्डावर सहसा पंखाही नसे.

२/६
ही सुबत्ता अल्पकाळच टिकली. २००० मधील 'व्हूडू फाइव्ह ५५००' या एकाच कार्डावर दोन चिप होत्या. एजीपी स्लॉटची वीज अपुरी पडल्याने हार्ड डिस्कला लागणारी वायर कार्डालाही जोडावी लागली. चार चिपच्या '६०००' साठी तर संगणकाबाहेर स्वतंत्र अडॅप्टर योजण्यात आला, पण ते कार्ड विक्रीस आलेच नाही. त्याच डिसेंबरात कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाकडे जाणार असल्याचे जाहीर झाले.

३/६
२००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हे नाव नव्या तंत्रासह परत आणले. पुढच्याच वर्षी एटीआयचे क्रॉसफायर आले. आता विजेचा हिशेब ठरून गेला होता: पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५ आणि पुढे आलेल्या आठ पिनांच्या वायरीतून १५०.

४/६
२०१० मधील 'जीटीएक्स ४८०' ची मर्यादा २५० वॅट होती. म्हणजे दोन कार्डांचे ५०० वॅट, शिवाय प्रोसेसर आणि इतर भाग. एकूण गरज ७०० वॅट धरली आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के असली, तर भिंतीवरच्या सॉकेटमधून ८७५ वॅट ओढले जात. त्यातले १७५ वॅट एसएमपीएसमध्येच उष्णता होऊन जात.

५/६
खरी कसोटी हवेची होती. वरच्या कार्डाचा पंखा खालच्या तापलेल्या कार्डाच्या पाठीजवळची हवा ओढे. म्हणून दोन स्लॉटमध्ये अंतर राखणे आणि गरम हवा थेट मागून बाहेर फेकणारी ब्लोअर पद्धतीची कार्डे निवडणे श्रेयस्कर ठरे. २०१४ च्या दोन चिपच्या, ५०० वॅटच्या 'आर९ २९५एक्स२' ला एएमडीने कारखान्यातच द्रवशीतन बसवून दिले.

६/६
एवढा खटाटोप करूनही वेग क्वचितच दुप्पट होई. प्रत्येक गेमला वेगळे साहाय्य लागे आणि चित्र अडखळे. २०२० च्या 'आरटीएक्स ३०९०' मध्ये जोडणीची सोय उरली होती. २०२२ च्या 'आरटीएक्स ४०९०' मधून तीही गेली, परंतु त्या एकट्या कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे. दुसरे कार्ड इतिहासजमा झाले, त्याचा भार मात्र पहिल्यानेच उचलला.