अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील विजेतेपद

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील विजेतेपद : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांतून राष्ट्रीय विजेता ठरविण्याची पद्धती. या क्रीडाप्रकारातील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९ मध्ये रटगर्झ व प्रिन्स्टन यांच्यात झाला, असे मानले जाते. पुढे शंभराहून अधिक विद्यापीठांचे संघ सर्वोच्च श्रेणीत खेळू लागले; परंतु शारीरिक झुंजीच्या या खेळात एका संघाला हंगामात साधारणतः बाराच सामने खेळता येत असल्याने बहुतेक संघांची परस्परांशी गाठच पडत नसे. शिवाय हंगामाअखेरचे ‘बाउल’ सामने स्थानिक समित्या भरवीत आणि त्यांचे करार ठराविक प्रादेशिक गटांशी असत. यांपैकी सर्वांत जुना रोझ बाउल हा सामना प्रथम १९०२ मध्ये झाला.

परिणामी विजेता मैदानाऐवजी मतदानाने ठरू लागला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ पासून क्रीडापत्रकारांचा व युनायटेड प्रेसने १९५० पासून प्रशिक्षकांचा कौल घेण्यास प्रारंभ केला. १९७३ च्या हंगामात प्रशिक्षकांनी बाउल सामन्यांपूर्वीच ॲलाबॅमास विजेता ठरविले; नंतर नोट्र डेमने त्याच संघास २४–२३ असे हरविले व पत्रकारांचा कौल मिळविला. तेव्हापासून प्रशिक्षकांचा अंतिम कौलही बाउल सामन्यांनंतर घेण्यात येऊ लागला. तथापि १९९०, १९९१ व १९९७ या हंगामांत पुन्हा दोन-दोन विजेते झाले.

१९९८ मध्ये बाउल चॅम्पियनशिप सिरीज ही योजना अंमलात आली. तीत मतदान व संगणकीय क्रमवारी यांच्या एकत्रित गुणांवरून पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना योजण्यात येई. मात्र २००३ मध्ये दोन्ही कौलांत अग्रस्थानी असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ एकत्रित गणनेत तिसरा आल्याने अंतिम सामन्यास मुकला. २००४ मध्ये अपराजित ऑबर्नलाही संधी मिळाली नाही. त्यानंतर असोसिएटेड प्रेसने आपला कौल या गणनेसाठी वापरण्यास मनाई केली. २००८ मध्ये अपराजित राहिलेला यूटा हा संघही वगळला गेला. धनाढ्य गटांनाच झुकते माप मिळते, या तक्रारीवर २००९ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली.

विद्यापीठप्रमुखांनी २०१२ मध्ये चार संघांच्या बाद स्पर्धेस संमती दिली. २०१४ च्या हंगामापासून निवड समिती संघ निवडू लागली. पहिल्याच वर्षी चौथ्या क्रमांकाचा ओहायओ स्टेट विजेता ठरला. जुन्या योजनेप्रमाणे पहिल्या दोघांनाच संधी असती, तर तो अंतिम सामन्यात पोहोचलाच नसता. मात्र २०२३ मध्ये तेरा सामने जिंकलेल्या फ्लॉरिडा स्टेटला, त्याचा प्रमुख क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यानंतर, समितीने वगळले. जिंकलेले सामने श्रेष्ठ की संघाच्या संभाव्य बळाचा अंदाज, हा जुनाच वाद त्यामुळे पुन्हा उद्‌भवला. २०२४ पासून स्पर्धेत बारा संघ आले : पाच गटविजेते व उर्वरित सात समितीच्या क्रमवारीनुसार.

या सुधारणांमुळे मतदानाचे क्षेत्र संकुचित झाले, परंतु ते संपुष्टात आले नाही. पूर्वी विजेता निवडला जाई, आता स्पर्धक निवडले जातात. दुसरीकडे, अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाच्या खेळाडू-विद्यार्थ्यांवर सोळा-सतरा सामन्यांचा भार पडू शकतो. न्याय्य निर्णयाचे मोल अशा रीतीने अंशतः त्यांनाच द्यावे लागते.