बांधकाम परवानगीविरुद्ध अपील (परभणी जिल्हा)

नगरपरिषद, महानगरपालिका किंवा अन्य नियोजन प्राधिकरण यांनी जमिनीच्या विकासास परवानगी नाकारल्यास, अथवा ती अटींवर दिल्यास, त्या निर्णयाविरुद्ध शासनाकडे दाद मागण्याचा वैधानिक हक्क. महाराष्ट्रात तो ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ च्या ४७ व्या कलमाने मिळतो. हा हक्क नावावरून वाटतो तितका व्यापक नाही. तो केवळ अर्जदाराचा आहे; ज्याच्या भिंतीलगत नवी इमारत उभी राहणार, त्या शेजाऱ्याचा नाही.

परभणी जिल्ह्यात ही व्यवस्था उशिरा आली. मुंबई इलाख्यात नगररचनेचा स्वतंत्र कायदा १९१५ मध्येच झाला होता. परंतु परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो येथे लागू नव्हता. हैदराबाद संस्थानात १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले, पण त्याचे कार्य राजधानीपुरते होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. पुढे हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९५६ हा मराठवाड्यात लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तरी राज्याच्या निरनिराळ्या विभागांत नगरपालिकांचे निरनिराळे कायदे चालूच राहिले. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने ते रद्द करून एकसूत्रीपणा आणला, आणि ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आलेल्या उपर्युक्त नगररचना अधिनियमाने परवानगी व अपील यांची सध्याची पद्धती घालून दिली.

या पद्धतीनुसार अर्ज आल्यावर प्राधिकरण तो मंजूर करते, अटींवर मंजूर करते किंवा नाकारते. निर्णय करताना विकास योजनेकडे लक्ष देणे त्यावर बंधनकारक आहे; म्हणजे रस्ता, शाळा वा उद्यान यांसाठी राखलेल्या जमिनीवर घराची परवानगी मागणाऱ्यास नकार मिळणे स्वाभाविक होय. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे मानण्यात येते. मात्र प्रस्ताव नियमावलीशी काटेकोरपणे जुळत असला पाहिजे, अशी त्यास अट आहे. ती न पाहता नगरपरिषदेच्या मौनावर विसंबून जोते बांधणाऱ्याचे बांधकाम अनधिकृत ठरू शकते.

आदेश कळविल्यापासून चाळीस दिवसांच्या आत अपील दाखल करावे लागते. ते राज्य शासनाकडे, किंवा शासनाने त्यासाठी नेमलेल्या व उपसचिवापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे चालते. अपीलकर्ता व नियोजन प्राधिकरण या दोघांस म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन अपील फेटाळता येते, अथवा विनाअट वा बदललेल्या अटींवर परवानगी देता येते. सुनावणीस हक्काने हजर राहणारे पक्ष हे दोनच. शेजाऱ्याच्या घराचा उजेड जाणार असेल, किंवा मोहल्ल्याचा रस्ता अरुंद होणार असेल, तरी त्यास बोलाविण्याचे कलमात कोठेही म्हटलेले नाही. शिवाय १४९ व्या कलमान्वये शासनाचा आदेश अंतिम असून त्याविरुद्ध दिवाणी दावा चालत नाही.

ही रचना बव्हंशी इंग्लंडमधील पद्धतीसारखी आहे. तेथेही १९४७ च्या कायद्यापासून अपीलाचा हक्क अर्जदारापुरताच आहे. आयर्लंडने मात्र १९६३ च्या कायद्याने हा हक्क त्रयस्थासही दिला आणि १९७६ च्या कायद्यान्वये अपिलांसाठी स्वतंत्र मंडळ निर्माण केले. शेजाऱ्यास अपील दिल्यास बांधकामे खोळंबतील, ही भीती निराधार नाही. पण ती टाळण्याची किंमत शेजाऱ्यानेच मोजावी, हे न्याय्य म्हणता येत नाही.

अपीलाबाहेर राहिलेल्या नागरिकास उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्ज. उडुपी (कर्नाटक) येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये असा महत्त्वाचा निर्णय दिला, की नगररचना योजनेशी विसंगत अशा चित्रपटगृहाच्या परवानगीस त्या वस्तीतील रहिवासी आव्हान देऊ शकतो. कारण बेकायदा बांधकामाने त्याच्या मालमत्तेच्या उपभोगास बाध येतो. पुण्यातील एरंडवणे येथे प्राथमिक शाळेसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर इमारतीस परवानगी देण्यात आली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बेकायदा ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय कायम केला. दोन निर्णयांमधील बारा वर्षे रिट अर्जाच्या मर्यादाही दाखवितात.

परभणीकराच्या बाबतीत अंतराचा प्रश्न आणखी होता. १९८१ पूर्वी रिट अर्जासाठी त्याला लोहमार्गाने सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या मुंबईस जावे लागे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाले, तेव्हा हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आत आले. शासनाकडील अपीलाचा शेवट मात्र मुंबईतच होत राहिला.

गंगाखेड, जिंतूर, मानवत, पाथरी, पूर्णा व सेलू या नगरपरिषदांच्या हद्दीत एक जवळचा उपाय आहे. नगरपरिषदेचा ठराव वा आदेश बेकायदा, सार्वजनिक हितास बाधक किंवा लोकांस उपद्रवकारक असल्यास १९६५ च्या अधिनियमाच्या ३०८ व्या कलमान्वये जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतो. हा अपीलाचा हक्क नव्हे. नागरिक केवळ तक्रार करू शकतो, आणि अधिकार वापरणे न वापरणे जिल्हाधिकाऱ्यावर अवलंबून असते. परभणी शहरात १ नोव्हेंबर २०११ रोजी महानगरपालिका स्थापन झाल्यावर हा मार्गही बंद झाला. महानगरपालिकेचे ठराव व आदेश स्थगित करण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ४५१ व्या कलमान्वये राज्य शासनाकडे आहे. अशा रीतीने शहराचा दर्जा वाढला, त्याच वेळी तेथील शेजाऱ्याची तक्रार ऐकणारे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणाहून मंत्रालयात गेले.