टाळ्यांसकट जपलेला आवाज

संगीताचा इतिहास लिहिताना आपण उस्तादांची, घराण्यांची आणि रागांची नावे लिहितो. समोर बसून ऐकणाऱ्यांची दखल फारशी कोणी घेत नाही. वास्तविक आपल्याकडे गाणे हे एकट्याचे कधीच नव्हते. मैफल असो, मुशायरा असो की कव्वाली, दाद देणारा नसेल तर तिथे समा बांधला जात नाही. या श्रोत्यांचा आवाज ज्यात टिकून राहिला असा दस्तऐवज एकच आहे, तो म्हणजे थेट मैफलीत केलेले ध्वनिमुद्रण. म्हणून अशा तबकड्या आणि कॅसेटी मला केवळ करमणुकीच्या वस्तू वाटत नाहीत. इतिहासाची साधने म्हणूनही त्यांच्याकडे पाहायला हवे.

आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाला तो श्रोत्यांना वगळूनच. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. मोठ्या कर्ण्यासमोर तोंड धरून गायचे आणि साधारण तीन मिनिटांत संपवायचे, अशी त्या यंत्राची अट होती. तबकड्या परदेशातल्या कारखान्यात तयार होत. कोणती तबकडी कोणाची हे तिथल्या लोकांना कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेने आपले नाव पुकारायचे, असा रिवाज होता. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवण्याची कसरत तेव्हापासून आपल्या कलावंतांना करावी लागली.

महाराष्ट्रातल्या दोन थोर उस्तादांनी या यंत्राला दिलेली उत्तरे वेगवेगळी होती. कोल्हापूर दरबारचे गवई, जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली मुंबईत पैगंबरवासी झाले. इतका मोठा गवई, पण त्यांची एकही तबकडी निघाली नाही. त्यांची गायकी उरली ती शागिर्दांच्या गळ्यात. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज मात्र आपण जमिनीवरही ऐकू शकत नाही.

दुसरे उस्ताद किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब. ते उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेचे होऊन राहिले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्थानकावर त्यांचा इंतकाल झाला. त्यांना मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले आहे. तिथे उरुसात आजही गवई हजेरी लावतात. त्यांनी तबकड्या दिल्या आणि त्या घराघरांत पोहोचल्या. पण त्या तीन-साडेतीन मिनिटांत विस्ताराला जागा नाही आणि दाद देणारेही कोणी नाही. अत्तराच्या फायाने सुगंध कळतो, बाग कळत नाही, तसे ते आहे.

बाग दिसू लागली ती टेप रेकॉर्डर आणि लाँग प्ले तबकडी आल्यावर. लाँग प्लेच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावत. १९५२ साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि दीर्घ गायन-वादन देशभर ऐकू जाऊ लागले. त्याच वर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व वारले. पुढच्या वर्षापासून भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव भरवायला सुरुवात केली. कैरान्याचा मुसलमान उस्ताद, कुंदगोळचा ब्राह्मण शिष्य आणि त्याच्या नावाने पुण्यात जमणारे हजारो श्रोते, अशी ही साखळी आहे. मैफलीतल्या मुद्रणात ही साखळी कानांना ऐकू येते. गवयाचा षड्ज लागला की मंडपातून उठणारा उद्गार हा त्या गाण्याचाच भाग असतो.

दूरदेशीच्या श्रोत्यांनी आपले संगीत कसे ऐकले, याचेही पुरावे अशाच तबकड्यांत आहेत. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम झाले. पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसन यांनी ते घडवून आणले होते. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखा बसले. त्यांनी वाद्ये सुरात लावून घेतली आणि ते वादन संपले असे समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुरात लावणे एवढे आवडले तर वादन याहून आवडेल, अशी आशा रविशंकर यांनी हसून व्यक्त केली. तीन तबकड्यांच्या त्या संचातून हा प्रसंग काढून टाकला नाही, हे फार चांगले झाले. त्या टाळ्यांत अज्ञान आहे, पण प्रेमही आहे. दोन्ही खरे आहेत, म्हणून तो इतिहास आहे. दारावरच्या तिकिटांतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले आणि त्या संचाला १९७३ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती मार्च १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या लता मंगेशकरांच्या कार्यक्रमाची तबकडी. पार्श्वगायिका म्हणजे पडद्यामागची बाई. ‘महल’च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर सुरुवातीला लताबाईंचे नावही नव्हते. पडद्यावरच्या पात्राचे ‘कामिनी’ हे नाव तिथे छापले होते. पंचवीस वर्षांनंतर तोच आवाज पडद्यापुढे येऊन परक्या शहरात हजारो माणसांसमोर उभा राहिला. त्यांची ओळख करून द्यायला मंचावर आले दिलीपकुमार, म्हणजे युसूफ खान. फुलाच्या सुगंधाला रंग नसतो, तसा हा आवाज निसर्गाचा करिश्मा आहे, अशा आशयाचे ते बोलले. त्यांची ती उर्दू तबकडीत मुद्रित झाली आहे. ओळख करून देण्याचे भाषण पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते, अशी उदाहरणे थोडीच असतील.

या दोघांच्या नात्याची सुरुवात मुंबईच्या लोकलमध्ये झाली होती. लताबाईंनी हा किस्सा अनेकदा सांगितला आहे. १९४७ च्या सुमारास संगीतकार अनिल विश्वास यांनी लोकलमध्ये या नव्या मराठी गायिकेची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. मराठी माणसांच्या उर्दूला डाळ-भाताचा वास येतो, असे ते सहज बोलून गेले. मुलगी दुखावली, पण रुसून बसली नाही. तिने एका मौलानांकडे उर्दूचे धडे घेतले आणि तलफ्फुज घासूनपुसून घेतला. लंडनच्या मंचावर दिलीपकुमार ज्या आवाजाला करिश्मा म्हणत होते, त्यात ही मेहनतही होती.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून या किश्श्याकडे माझे लक्ष जास्त जाते. रत्नागिरीच्या आपल्या मोहल्ल्यांतही घरात भात आणि माशाचे कालवणच शिजते. घरची बोली कोकणी मराठी, शाळेची भाषा उर्दू. ‘क़ाफ़’ आणि ‘काफ़’ यांतला फरक, ‘ख़े’ आणि ‘ग़ैन’ यांचा गळ्यातला उगम मुलांना शिकवावाच लागतो. मुसलमान घरात जन्मले म्हणून तो आपोआप येत नाही. लखनौ-दिल्लीच्या लोकांनी आमच्या उर्दूला हसावे आणि मराठी शेजाऱ्यांनी तुमची भाषा उर्दू ना, असे विचारावे, हा दुहेरी अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. लताबाईंची ही तबकडी या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते. भाषा शिकेल त्याची असते. डाळ-भात सोडावा लागत नाही, फक्त रियाज करावा लागतो. आणि तो रियाज खरा की खोटा हे थेट मुद्रणात उघड होते.

यावर कोणी म्हणेल की जुन्या काळी स्टुडिओतही गायक-वादक एकत्रच गात होते, मग फरक तो काय? फरक असा की स्टुडिओत चूक झाली तर पुन्हा गाता येते. मैफलीत सुटलेला सूर परत घेता येत नाही. दुसरे म्हणजे मैफलीत समोरचा माणूस गाणे बदलतो. मुशायऱ्यात कोणी ‘मुकर्रर’ म्हटले की शायर मिसरा पुन्हा म्हणतो आणि दुसऱ्या वेळी तो मिसरा वेगळाच लागतो. छापील दीवानात तो एकदाच असतो. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या साउथहॅम्प्टन कॉलेजात ‘शक्ती’ या चमूचे वादन मुद्रित झाले. त्यात माहीमला वाढलेले, चोवीस वर्षांचे झाकीर हुसेन तबल्यावर आहेत. साथीदार आणि श्रोते दोघांच्या प्रतिसादावर ते वादन कसे पेटत जाते, ते ऐकण्यासारखे आहे. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ रोजी गेले. ती संध्याकाळ मात्र शाबूत आहे.

तेव्हा चांगल्या थेट मुद्रणाची माझी कसोटी साधी आहे. त्यात कलावंताने जोखीम घेतलेली असावी. श्रोत्यांची दाद कापलेली नसावी आणि नंतर वरून चिकटवलेलीही नसावी. बोललेले शब्द, जुळवाजुळव, खोकलासुद्धा थोडा राहू द्यावा. आणि ते कुठे, केव्हा, कोणापुढे झाले याची नोंद असावी.

ही शेवटची अट आपल्याला लागू आहे. आखातात गेलेल्या कोकणातल्या माणसांनी येताना टेप रेकॉर्डर आणले आणि त्यांवर घरोघरी मिलाद, नात, शादीतल्या कव्वाल्या, गावचे मुशायरे मुद्रित झाले. त्या कॅसेटी आज माळ्यावर आणि कपाटांत पडल्या आहेत. आपल्या चार महिन्यांच्या पावसात फितीवर बुरशी धरते, फीत चिकटते आणि आवाज कायमचा जातो. त्यात कोणी अब्दुल करीम खाँ नसतील, पण आपले नाना-नानी, त्यांची बोली, त्यांचे हसणे आणि ‘वाह’ म्हणणे आहे. हे दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही. या कॅसेटी संगणकावर उतरवून घेणे आज अवघड राहिलेले नाही. उतरवताना कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल, एवढे विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे हयात आहेत, तोवरच हे करता येईल. गौहरजानने १९०२ साली गाणे संपताच आपले नाव सांगितले, म्हणून तिचा आवाज आपण आज ओळखतो. आपल्या माणसांची नावे आपल्यालाच लिहावी लागतील.