निर्वासित तिबेटी मुलांचे शिक्षण : मदतीच्या ओघाची सहा दशके

हिवाळ्याची चाहूल लागली की पुणे, नागपूर, मुंबईसारख्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने मांडली जातात. घासाघीस करून स्वेटर घेणाऱ्या ग्राहकाला त्या विक्रेत्याची मुले कोठे असतील, असा प्रश्न सहसा पडत नाही. त्यांपैकी अनेकांची मुले त्या वेळी शेकडो मैल दूर, एखाद्या निवासी शाळेत शिकत असतात. आईवडील वर्षातील काही महिने फिरतीवर असतानाही मुलांचे शिक्षण अखंड चालू राहते, यामागे निर्वासित समाजाने उभी केलेली शिक्षणव्यवस्था आहे. ही व्यवस्था भारत सरकारच्या साहाय्यावर जशी उभी आहे, तशीच ती जगभरातील सामान्य माणसांनी दरमहा पाठविलेल्या लहानमोठ्या रकमांवरही उभी आहे. या मदतीचा इतिहास, तिची पद्धत आणि तिच्यापुढील आजच्या अडचणी यांचा हा परिचय.

रस्त्याच्या कामावरची मुले

मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथील उठाव चिरडला गेला. दलाई लामा १७ मार्चच्या रात्री ल्हासा सोडून निघाले आणि ३१ मार्च रोजी त्यांनी भारतात प्रवेश केला. त्यांच्यामागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले. आसाममधील मिसामारी आणि पश्चिम बंगालमधील बक्सा द्वार येथे त्यांच्यासाठी छावण्या उघडण्यात आल्या. आचार्य जे. बी. कृपलानी यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय साहाय्य समितीने अन्न, वस्त्र व औषधे पुरविण्याचे काम हाती घेतले.

थंड, कोरड्या पठारावरून आलेल्या या लोकांना सखल प्रदेशातील उष्मा आणि रोगराई सोसवेना. पुढे सक्षम स्त्री-पुरुषांना हिमाचल, सिक्कीम आदी डोंगराळ भागांत रस्तेबांधणीचे काम देण्यात आले. हवामान मानवले, पण मुलांचे हाल संपले नाहीत. आईबाप दगड फोडत असताना मुले रस्त्याच्या कडेला तंबूत किंवा उघड्यावर पडून असत. कुपोषण आणि आजार यांनी कितीतरी बालके दगावली.

१७ मे १९६० रोजी जम्मूकडील रस्त्याच्या कामावरून ५१ मुले धर्मशाला येथे आणण्यात आली. बहुतेक आजारी आणि हडकुळी होती. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांच्या संगोपनाची जबाबदारी घेतली आणि तिबेटी निर्वासित बालकांसाठीचे पाळणाघर सुरू झाले. पाहता पाहता तेथील मुलांची संख्या शेकड्यांवर गेली. खाटा अपुऱ्या असल्याने एकाच खाटेवर अनेक मुलांना आडवे झोपवावे लागे. आयरिश प्रवासलेखिका डर्व्हला मर्फी यांनी १९६३ मध्ये तेथे स्वयंसेविका म्हणून काम केले व पुढे त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. परदेशी वाचकांपर्यंत या मुलांची स्थिती पोहोचविण्यात अशा लेखनाचा वाटा मोठा होता.

पाळणाघरातून बालग्रामाकडे

१९६४ मध्ये त्सेरिंग डोल्मा यांचे निधन झाले आणि धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी सूत्रे हाती घेतली. २००६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षे, त्यांनी हे काम सांभाळले. भारत सरकारने २०१८ मध्ये नारीशक्ती पुरस्कार देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. त्यांच्याच कारकिर्दीत पाळणाघराचे रूपांतर ‘टिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ या संस्थेत झाले. १९७२ मध्ये तिची औपचारिक नोंदणी झाली. ऑस्ट्रियाचे हर्मन ग्माइनर यांनी प्रवर्तित केलेल्या एसओएस बालग्राम चळवळीशीही ती जोडली गेली.

बालग्रामाची कल्पना अनाथालयाहून भिन्न आहे. मोठ्या दालनात शंभर मुले ठेवण्याऐवजी वेगवेगळ्या वयोगटांतील वीस-पंचवीस ते चाळीस मुलांचे एक घर केले जाते. त्या घराला एक गृहमाता असते आणि मुले तिला ‘आमाला’ म्हणजे आई म्हणतात. मोठी मुले धाकट्यांची वेणीफणी करतात आणि स्वयंपाकात हातभार लावतात. ‘स्वतःआधी इतर’ हे संस्थेचे बोधवाक्य या घरांतून रोज आचरणात येते. आज धर्मशालेखेरीज लडाखमधील चोगलमसर, कर्नाटकातील बायलाकुप्पे आदी ठिकाणी संस्थेच्या शाखा आहेत. मसुरी येथे रिंचेन डोल्मा तारिंग यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये स्थापन झालेले टिबेटन होम्स फाउंडेशनही याच धर्तीवर चालते.

सरकारचा वाटा

केवळ देणग्यांवर एवढा पसारा उभा राहिला नसता. ३ मार्च १९६० रोजी मसुरी येथे ५० विद्यार्थ्यांसह पहिली तिबेटी शाळा सुरू झाली. तिबेटी मुलांना स्वतःची भाषा आणि संस्कृती राखता यावी म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा असाव्यात, असा पंतप्रधान पंडित नेहरू यांचा आग्रह होता. त्यातून १९६१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत एक स्वायत्त संस्था स्थापन झाली. तीच पुढे केंद्रीय तिबेटी शाळा प्रशासन म्हणून ओळखली गेली. २०१३ पासून या शाळा टप्प्याटप्प्याने ‘संभोट’ या तिबेटी शिक्षणसंस्थेकडे सोपविण्यात येऊ लागल्या. तिबेटी लिपीचा जनक मानल्या जाणाऱ्या, सातव्या शतकातील थोन्मी संभोट यांचे नाव या संस्थेला दिले आहे.

सरकारी साहाय्यातून प्रामुख्याने शाळा आणि शिक्षक यांची सोय झाली. मुलाचे राहणे, जेवण, कपडे, औषधोपचार आणि दहावी-बारावीनंतरचे शिक्षण हा खर्च मात्र बहुतांशी देणग्यांतून भागवावा लागतो.

दत्तक पालकत्वाची पद्धत

या निधिसंकलनाचा कणा म्हणजे दत्तक पालकत्व. येथे ‘दत्तक’ हा शब्द कायदेशीर अर्थाने घ्यावयाचा नाही. देणगीदार एका मुलाच्या खर्चाचा ठरावीक वाटा दरमहा किंवा दरवर्षी उचलतो. संस्था त्याला मुलाचे छायाचित्र, अल्पपरिचय आणि प्रगतीचा वृत्तान्त पाठविते. वर्षातून एकदोनदा मुलाचे पत्रही येते. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ब्रिटन, अमेरिका, जपान आदी देशांतील असंख्य कुटुंबांनी अशा रीतीने एकेका मुलाला पहिलीपासून पदवीपर्यंत आधार दिला आहे.

पालकत्वाची रक्कम सहसा मुलाच्या हाती पडत नाही, घराच्या आणि शाळेच्या सामाईक खर्चात मिळते. एखाद्या मुलाला पुरस्कर्ता लाभला आणि शेजारच्याला लाभला नाही, म्हणून दोघांच्या ताटात फरक पडू नये, हा त्यामागील हेतू असतो.

याखेरीज निधी उभारण्याचे इतरही मार्ग आहेत. पाश्चात्त्य देशांतील मित्रमंडळे संगीताचे कार्यक्रम, पदयात्रा, चित्रप्रदर्शने भरवितात आणि गालिचे व थांका-चित्रे विकतात. २ ऑक्टोबर १९५९ रोजी दार्जिलिंग येथे सुरू झालेल्या तिबेटी निर्वासित स्वावलंबन केंद्राने हातमागाच्या गालिच्यांना परदेशी बाजारपेठ मिळवून दिली. दयेपोटी मिळणाऱ्या पैशापेक्षा कष्टाच्या मोलाला त्याने अधिक मान मिळवून दिला. उच्च शिक्षणासाठी १९८८ पासून अमेरिकेत तिबेटी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या.

सदिच्छेची दुसरी बाजू

सदिच्छा असली तरी मदत निर्दोष असतेच असे नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी दीडशेहून अधिक तिबेटी मुले स्वित्झर्लंडमधील कुटुंबांकडे वाढविण्यासाठी पाठविण्यात आली. स्विस उद्योजक चार्ल्स एशिमान यांनी यात पुढाकार घेतला होता. त्या मुलांना सुबत्ता आणि शिक्षण मिळाले, परंतु त्यांतील बहुसंख्य मुले अनाथ नव्हती. त्यांची आई किंवा वडील हयात होते. मोठेपणी त्यांतील काहींना मातृभाषा परकी झाली, तर काहींना आपण नेमके कोणाचे, या प्रश्नाने आयुष्यभर छळले. मुलाला त्याच्या समाजातून उचलून नेण्यापेक्षा त्याच्या समाजातच त्याला शिकविणे श्रेयस्कर, हा धडा या प्रयोगाने दिला. भारतातील बालग्रामांची वाट त्यामुळेच अधिक योग्य ठरते. प्राथमिक इयत्तांत तिबेटी माध्यम आणि पुढे इंग्रजी, अशी रचना तेथे याच जाणिवेतून आकारास आली.

फलित

या शाळांचे यश त्यांच्या विद्यार्थ्यांवरून मोजता येते. दार्जिलिंगच्या तिबेटी शाळेत शिकलेले लोबसांग सांगे दिल्ली विद्यापीठातून हार्वर्डला पोहोचले आणि २०११ मध्ये निर्वासित प्रशासनाचे प्रमुख झाले. २०२१ मध्ये त्यांच्या जागी आलेले पेन्पा त्सेरिंग बायलाकुप्पे येथील शाळेचे विद्यार्थी. कवी व कार्यकर्ते तेन्झिन त्सुंदू हे रस्त्यावर मजुरी करणाऱ्या आईबापांचे पुत्र. बालग्रामाच्या शाळेतून निघून ते पुढे मुंबई विद्यापीठात शिकले.

महाराष्ट्राचा या कहाणीशी आणखीही एक धागा आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे, म्हणून तिबेटी लोक तिला आजही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात.

आजची आव्हाने

२००८ पूर्वी दरवर्षी दोन-तीन हजार तिबेटी सीमा ओलांडून येत. त्यांत शिक्षणासाठी आईबापांनी एकटी धाडलेली मुलेही असत. त्या वर्षीच्या तिबेटमधील आंदोलनानंतर सीमेवरील पहारा कडक झाला आणि हा ओघ जवळजवळ आटला. निर्वासित प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत भारतात ९४,२०३ तिबेटींची नोंद झाली होती. त्यानंतर पाश्चात्त्य देशांतील स्थलांतर वाढले आणि जन्मदर घटला. परिणामी अनेक वर्ग ओस पडू लागले आणि काही शाळा एकत्र कराव्या लागल्या.

विद्यार्थी घटले म्हणून खर्च त्याच प्रमाणात घटत नाही. दूरच्या वसाहतीत दहा मुले उरली तरी शिक्षक आणि वसतिगृह लागतेच. दुसरीकडे साठ-सत्तरच्या दशकांत मदतीस धावलेली देणगीदारांची पिढी वृद्ध झाली आहे. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली, तेव्हा एकाच दात्यावर विसंबण्यातील धोका तिबेटी संस्थांना प्रकर्षाने जाणवला. परकीय देणग्यांविषयीचा भारतीय कायदाही २०२० च्या दुरुस्तीनंतर कडक झाला आहे. अशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणूनच भारतीय देणगीदारांचे महत्त्व आता पूर्वीपेक्षा अधिक आहे.

मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी

देणगी शक्यतो थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात द्यावी आणि पावती घ्यावी. प्राप्तिकर कायद्यानुसार सवलत हवी असल्यास संस्थेला तशी मान्यता आहे का आणि आपण निवडलेल्या करप्रणालीत ती मिळते का, हे आधी पाहावे. रोख दोन हजार रुपयांहून अधिक दिल्यास ही सवलत मिळत नाही. पालकत्व स्वीकारताना ते किती वर्षे निभावता येईल, याचा प्रामाणिक विचार करावा, कारण मध्येच थांबलेल्या मदतीने मुलाचे मन अधिक दुखावते. तेवढी बांधिलकी शक्य नसेल तर ग्रंथालय, आरोग्य किंवा शिष्यवृत्ती निधीला एकरकमी देणगी द्यावी. मुलाशी पत्रव्यवहार संस्थेमार्फतच करावा आणि महागड्या भेटवस्तू पाठविण्याचा मोह टाळावा.

२०१२ मध्ये दलाई लामांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील मोठा हिस्सा, सुमारे १५ लाख डॉलर, त्यांनी भारतातील ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेला भारतीय मुलांसाठी दिला. याच नावाच्या ब्रिटिश संस्थेने एकेकाळी निर्वासित तिबेटी बालकांना आधार दिला होता. अर्धशतकापूर्वी घेतलेली मदत अशा रीतीने दुसऱ्या मुलांपर्यंत पोहोचली.